लुटुपुटीच्या लढाईतला निवाडा

खऱ्या युद्धात मेला कोण आणि तगला कोण हे ठरविण्यासाठी पंच बसवावे लागत नाहीत. तोफेचा गोळा आपला निवाडा आपणच देतो आणि त्यावर कोठेही अपील चालत नाही. शिशाचा शिपाई मात्र आपण होऊन मरत नाही. मेजावर अंथरलेल्या हिरव्या कापडावर बोटभर उंचीच्या शिपायांची एक पलटण दुसरीच्या समोर येऊन उभी राहिली, की तिच्यातले किती पडले, उरलेले ठाम राहिले की उधळले, आणि ज्याने हल्ला चढविला त्याचा मनसुबा सिद्धीस गेला की फसला, हे कोणीतरी सांगावे लागते. आणि सांगणाऱ्याचा तो अधिकार दोन्ही पक्षांनी आधी कबूल केलेला असावा लागतो. इतिहासातल्या लढाया अशा चिमुकल्या फौजा घेऊन पुन्हा लढून पाहण्याचा जो छंद गेल्या शतकात इंग्लंड-अमेरिकेत फोफावला, आणि ज्याचे उपासक आज ठिकठिकाणच्या मोठमोठ्या मेळाव्यांत एकत्र जमतात, त्याचा पूर्वेतिहास चाळू लागले म्हणजे गणवेशांचे रंग, बटनांची संख्या, निशाणांवरची चिन्हे या डोळ्यांत भरणाऱ्या गोष्टींच्या मागे हा एकच प्रश्न पिढ्यान्‌पिढ्या उभा असलेला दिसतो, की लुटुपुटीच्या लढाईत निवाडा कोणी द्यावा?

बुद्धिबळात हा प्रश्न उद्भवत नाही. हत्ती, घोडे, रथ आणि पायदळ या चतुरंग सेनेची जी प्रतिमा आपल्या देशातून इराणात व तेथून युरोपात गेली, तिच्यात घोडा प्याद्याच्या घरात आला की प्यादे पटावरून उठते. प्याद्याने प्रतिकार केला, घोडा चिखलात रुतला किंवा हुकूमच वेळेवर पोहोचला नाही, असे तेथे कधी घडत नाही. या निश्चिततेला चिकटून राहूनच युद्धखेळाने पहिले पाऊल टाकले. ब्राउनश्वाइगच्या दरबारातील सरदारपुत्रांना गणित शिकविणाऱ्या योहान क्रिस्टियान लुडविग हेलविग या अध्यापकाने १७८० साली आपला खेळ प्रसिद्ध केला, तेव्हा त्याने बुद्धिबळाच्या चौसष्ट घरांची दीड हजारांहून अधिक घरे केली, डोंगर, पाणी, दलदल यांना निरनिराळे रंग दिले, बुद्धिबळाच्या मोहऱ्यांतून रिसाला व तोफखाना निर्माण केला. पण मारण्याची रीत मुख्यतः जुनीच ठेवली. युद्धाचा भूगोल पटावर आला होता, युद्धातली अनिश्चितता अद्याप यावयाची होती.

ती आणण्याचे श्रेय रायस्वित्झ या प्रशियन पितापुत्रांकडे जाते. पिता गेओर्ग लेओपोल्ड हा ब्रेस्लाऊ येथील मुलकी अधिकारी. त्याने चौकटीतल्या वाळूवर डोंगरदऱ्या उठवून त्यांत सैन्याची ठोकळ्यांनी मांडणी करण्याची युक्ती काढली. १८११ मध्ये राजपुत्रांच्या शिक्षकाकरवी ती राजपुत्रांना समजली, आणि त्यांच्या तोंडून राजा तिसरा फ्रीडरिख विल्हेल्म याच्या कानांवर गेली. राजाला वाळूची पेटी नजर करणे त्या अदबशीर अधिकाऱ्याला प्रशस्त वाटेना. त्याने वर्षभर खपून एक भव्य मेज सिद्ध केले; त्याच्या खणांतून नद्या, रस्ते, गावे व टेकड्या यांचे रंगविलेले तुकडे निघत, आणि ते हवे तसे जुळवून प्रत्येक वेळी नवा मुलूख उभा करता येई. १८१२ मध्ये ते पॉट्सडामच्या राजवाड्यात दाखल झाले, राजकुटुंबाची संध्याकाळची करमणूक झाले, आणि बाहेरच्या जगाला त्याचा फारसा उपयोग झाला नाही.

उपयोग झाला तो पुत्राच्या उद्योगाचा. धाकटा रायस्वित्झ राजरक्षक तोफखान्यात लेफ्टनंट होता. त्याने राजेशाही मेज बाजूला सारून एकास आठ हजार या प्रमाणाचे लष्करी नकाशे घेतले, तांबड्या व निळ्या रंगांचे लहान ठोकळे सैन्याच्या प्रत्यक्ष रुंदी-खोलीच्या मापाने पाडले, आणि १८२४ साली आपले नियम छापले. त्यांत घरे नव्हती. दोन मिनिटांच्या अवधीत खरे पायदळ जितके चालेल तितकेच नकाशावरचे पायदळ चाले. गोळीबाराचा परिणाम प्रशियन फौजेने घेतलेल्या चाचण्यांच्या आकड्यांवरून व फाशांच्या दानावरून ठरे. परंतु त्याची सर्वांत मोठी करामत म्हणजे दोन खेळाडूंच्या मध्ये त्याने बसविलेला तिसरा माणूस. हा पंच दोन्ही सेनापतींचे लेखी हुकूम घेई, जासुदाला घोड्यावरून लागेल तितका वेळ जाऊ देऊन मगच त्यांची अंमलबजावणी करी, आणि प्रत्येक पक्षाला शत्रूचे तेवढेच ठोकळे दाखवी, जेवढे त्याच्या टेहळ्यांच्या दृष्टीस पडू शकले असते. युद्धातले अज्ञान हे युद्धाचेच एक अंग आहे, ही गोष्ट प्रथमच एखाद्या खेळाने मान्य केली. आणि ते अज्ञान राखण्यासाठी ज्याला सर्व ठाऊक आहे असा एक माणूस नेमावा लागला.

प्रशियन सेनेच्या जनरल स्टाफचा प्रमुख कार्ल फोन म्युफलिंग हा खेळ पाहावयास बसला तेव्हा प्रथम उदासीन होता, असे सांगतात. परंतु ठोकळे पुढे सरकू लागले तशी त्याची वृत्ती पालटली, आणि ही करमणूक नसून युद्धाची तालीम आहे अशी ग्वाही देऊन त्याने सैन्याच्या मुखपत्रात त्याची शिफारस केली. राजाज्ञेने खेळाचे संच पलटणींना मिळू लागले. कर्त्याच्या वाट्याला मात्र मत्सर आला. बर्लिनमधून टोर्गाऊच्या किल्ल्यावर बदली झालेल्या त्या तरुणाने १८२७ मध्ये आत्महत्या केली. खेळ त्याच्यामागे जगला. १८५७ पासून सेनेची सूत्रे ज्याच्या हाती आली त्या मोल्टकेची त्यावर प्रीती होती, आणि १८७०-७१ मध्ये फ्रान्सचा पाडाव झाला तेव्हा जर्मन विजयाचे रहस्य शोधू लागलेल्या साऱ्या युरोपचे लक्ष या नकाशांकडे व ठोकळ्यांकडे गेले. इंग्लंडात १८७२ साली त्याचे नियम तोफखान्याच्या ज्या कॅप्टनाने तयार केले त्याचे नाव इव्हलिन बेअरिंग. तो त्याच वर्षी आपला चुलतभाऊ व्हाइसरॉय लॉर्ड नॉर्थब्रुक याचा खाजगी चिटणीस म्हणून हिंदुस्थानात आला, आणि पुढे लॉर्ड क्रोमर या नावाने इजिप्तचा सर्वाधिकारी झाला.

या प्रसाराबरोबरच निवाड्याचा वाद पुन्हा उपस्थित झाला. नियमांच्या तक्त्यांत बोट फिरवीत आणि दाने मोजीत बसले म्हणजे दोन मिनिटांच्या चकमकीला अर्धा तास लागतो, आणि शिकावयाचे ते बाजूला राहून हिशेबनिशीच हाती येते, अशी तक्रार अधिकारी करू लागले. यूलियुस फोन व्हेर्डी द्यु व्हेर्न्वा या सेनानीने १८७६ मध्ये तक्ते व फासे दोन्ही वर्ज्य करून सारा अधिकार पंचाच्या अनुभवाला दिला. हा तोडगा जितका सुटसुटीत तितकाच धोक्याचा होता. कारण पंच शहाणा असला तर त्याच्यासारखा नियम नाही, परंतु पंचापेक्षा वरिष्ठ अधिकारी त्याच दालनात बसलेला असला तर काय होते, याचे उदाहरण पुढे जपानी आरमाराने घालून दिले. मे १९४२ मध्ये यामातो या युद्धनौकेवर मिडवेच्या मोहिमेची तालीम चालली असता पंचाच्या फाशांनी दोन विमानवाहू जपानी नौका बुडाल्याचा कौल दिला. तालमीचा सूत्रधार रिअर अ‍ॅडमिरल मातोमे उगाकी याने तो फिरवून एकच नौका बुडाल्याचे ठरविले, आणि तीही पुढच्या डावात पुन्हा तरंगू लागली. जून महिन्यात मिडवेच्या समुद्रात अशा चार नौका बुडाल्या, तेव्हा कौल फिरविण्याचा अधिकार कोणालाच उरला नव्हता.

लष्करी कचेऱ्यांत हे घडत असताना घरांच्या माळ्यांवर या खेळाची दुसरी शाखा निराळ्याच बीजातून वाढत होती. न्यूरेंबर्गचे कारागीर अठराव्या शतकापासून कथलाचे चपटे शिपाई ओतून विकत. १८९३ मध्ये लंडनच्या विल्यम ब्रिटन यांच्या कारखान्याने आतून पोकळ, म्हणून हलके व स्वस्त शिशाचे शिपाई काढले, आणि मध्यम वर्गाच्या मुलांना आख्खी पलटण बाळगणे परवडू लागले. परंतु मुलांच्या आधी काही प्रौढांनाच या फौजांचा मोह पडला होता. क्षयाने जर्जर झालेला रॉबर्ट लुई स्टीव्हन्सन १८८१-८२ च्या हिवाळ्यात स्वित्झर्लंडमधील डाव्होस येथे राहत असताना आपला सावत्र मुलगा लॉइड ऑसबोर्न याच्याबरोबर माळ्याच्या जमिनीवर खडूने नकाशा काढून आठवडेच्या आठवडे मोहिमा चालवी, आणि त्यांच्या हकीकती लुटुपुटीच्या वर्तमानपत्रांतून लिहून काढी. एच. जी. वेल्सने १९१३ मध्ये ‘लिटल वॉर्स’ या पुस्तकाने या गृहस्थी युद्धाला पहिली छापील संहिता दिली. त्याच्या खेळात पायदळ एका चालीत एक फूट व घोडदळ दोन फूट जाई, तोफ डागण्यास तिच्याजवळ चार शिपाई असावे लागत, आणि प्रत्येक चालीला घड्याळाची मुदत असे. निवाड्याचा प्रश्न त्याने मोठ्या धिटाईने सोडविला होता : स्प्रिंगच्या पितळी तोफेतून लाकडाची कांडी उडे, आणि तिच्या धक्क्याने जो आडवा होई तो मेला. पंच नको, फासा नको, तक्ता नको. जे पडले ते सर्वांच्या डोळ्यांदेखत पडले. युद्धाचा द्वेष करणाऱ्या वेल्सला असे वाटे की सेनापतींनी व युद्धखोर मुत्सद्द्यांनी अशा दिवाणखान्यांतच आपली हौस भागवावी. पुस्तक निघाल्यावर वर्षभरात महायुद्ध पेटले.

आपल्याकडे दिवाळीच्या दिवसांत अंगणात किल्ला रचून त्यावर मातीचे मावळे मांडण्याची जी रीत आहे, तिची या संदर्भात आठवण येणे स्वाभाविक आहे. दगडविटांचा डोंगर, पेरलेल्या हळिवाची झाडी, बुरूज, दिंडी आणि शिखरावर शिवछत्रपती, एवढा सगळा सरंजाम तेथे असतो. पण बहुधा शत्रू नसतो. तो किल्ला लढण्यासाठी रचलेला नसून स्मरणासाठी रचलेला आहे, आणि म्हणून तेथे पंचाचीही गरज पडत नाही. तथापि स्मरणाची मांडणीही निवाड्यापासून सर्वस्वी मुक्त नसते. कॅप्टन विल्यम सिबोर्न याने हजारो चिमुकल्या शिपायांनिशी वॉटर्लूच्या रणभूमीची जी प्रतिकृती केली व १८३८ मध्ये लंडनला दाखविली, तिच्यात सायंकाळी सातच्या सुमारास प्रशियन फौज रणांगणात बरीच आत येऊन पोहोचलेली होती. आपल्या विजयात वाटेकरी दाखविलेला ड्यूक ऑफ वेलिंग्टनला रुचला नाही, आणि अखेर सिबोर्नला त्या प्रशियनांचा मोठा भाग उचलून घ्यावा लागला. हलण्याचीही सोय नसलेल्या शिपायांवर असा वरिष्ठांचा हुकूम बजावला गेला.

माळ्यावरची हौस आणि कचेरीतली शिस्त यांचा संगम दुसऱ्या महायुद्धानंतर झाला. इंग्लंडमध्ये साऊदॅम्प्टनचा डोनाल्ड फेदरस्टोन हा त्याचा मुख्य प्रवर्तक. युद्धात तो रणगाडा दलात होता. पोटापाण्यासाठी तो अंगमर्दन-उपचारांचा व्यवसाय करी व गावच्या फुटबॉल संघाचे खेळाडू त्याच्या हाताखालून जात. १९६१ मध्ये त्याने साऊदॅम्प्टनला ब्रिटनमधील समव्यसनी मंडळींचा पहिला मेळावा भरविला, १९६२ मध्ये ‘वॉर गेम्स’ हे पुस्तक लिहिले, आणि त्याच वर्षापासून एक वृत्तपत्रिका चालवून विखुरलेल्या एकांड्या शिलेदारांना एकमेकांची ओळख करून दिली. कॅलिफोर्नियात जॅक स्क्रुबी शिपाई ओतीत व १९५७ पासून असेच नियतकालिक काढीत होता. वेल्सची कांडी आता गेली, कारण ती मेहनतीने रंगविलेल्या शिपायांचे रंग उडवी. तिच्या जागी साधा सहा बाजूंचा फासा आला. एक शिपाई वीस किंवा अधिक माणसांचा प्रतिनिधी मानला जाऊ लागला, आणि मनोधैर्याचा नियम सर्वत्र रूढ झाला. पलटण शेवटचा माणूस पडेपर्यंत लढत नाही. तिचा सेनापती पडला, बगल उघडी पडली, शेजारची पलटण पळाली, म्हणजे तिच्यासाठी फासा टाकावा लागतो, आणि दान प्रतिकूल पडले तर एकही नवी जखम न होता ती मेजावरून नाहीशी होते. १४ जानेवारी १७६१ च्या दुपारी विश्वासराव पडल्यानंतर आणि भाऊसाहेब हत्तीवरून दिसेनासे झाल्यानंतर पानिपतावर काय झाले हे ज्याला ठाऊक आहे, त्या मराठी वाचकाला या नियमाचे मर्म समजावून सांगावे लागणार नाही.

दोन परक्या माणसांनी एकत्र खेळावयाचे म्हणजे नियम निःसंदिग्ध हवेत, या जाणिवेने पुढल्या दशकात नियमांची दफ्तरे जाड होत गेली. प्राचीन युद्धांच्या अभ्यासकांनी १९६५ मध्ये सोसायटी ऑफ एन्शंट्स स्थापिली. १९६९ पासून फिल बार्कर व त्याचे सहकारी यांच्या वॉरगेम्स रिसर्च ग्रुपने असीरियनांपासून रोमनांपर्यंतच्या सैन्यांसाठी जे नियम काढले, त्यांतील प्रत्येक वाक्य एखाद्या करारनाम्याच्या कलमाप्रमाणे घासून लिहिलेले असे, आणि तरीही, किंबहुना त्यामुळेच, त्यांच्या अर्थावरून वाद माजत. त्याच बार्करने १९९० मध्ये उलट दिशा धरली आणि प्रत्येक बाजूस केवळ बारा तुकड्या ठेवून तासाभरात संपणारा खेळ रचला. अमेरिकेत पंचाचे पुनरुज्जीवन आणखी विलक्षण रीतीने झाले. मिनेसोटातील डेव्हिड वेस्ली या विद्यार्थ्याला विद्यापीठाच्या ग्रंथालयात चार्ल्स टॉटन या सेनाधिकाऱ्याचे १८८० सालचे युद्धखेळाचे पुस्तक सापडले, आणि सर्वज्ञ पंच व हवे ते करून पाहण्यास मोकळा खेळाडू ही कल्पना त्यातून त्याने उचलली. तिच्या वंशातूनच १९७४ चा ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ हा राक्षस-मांत्रिकांचा जगप्रसिद्ध खेळ निपजला.

आजचे मेळावे या सर्व इतिहासाचे वारस आहेत. लंडनमध्ये साऊथ लंडन वॉरलॉर्ड्स या मंडळाचा ‘सॅल्यूट’ १९७२ पासून भरतो. तो एका दिवसाचा बाजारच असतो, आणि शिपाई, रंग, पुस्तके, झाडेझुडपे विकणाऱ्यांच्या दुकानांमधून निरनिराळ्या मंडळांनी महिनोन्‌महिने खपून सजविलेल्या रणभूमी मांडलेल्या असतात. त्यांपैकी काही नुसत्या पाहण्यासाठी, तर काहींवर वाटसरूनेही अर्धा तास बसून एखादी पलटण चालवावी. अमेरिकेतील रीत निराळी. हिस्टॉरिकल मिनिएचर्स गेमिंग सोसायटीच्या ‘हिस्टॉरिकॉन’सारखा मेळावा अनेक दिवस चालतो; यजमान आपल्या घरून सारी फौज व भूभाग घेऊन येतो, आधी नाव नोंदविलेले सहाआठ अनोळखी लोक ठरल्या वेळी मेजाभोवती जमतात, आणि चारएक तासांत गेटिसबर्गचा किंवा बोरोदिनोचा एखादा भाग लढून उठतात. यजमान स्वतः बहुधा खेळत नाही. तो हुकूम समजावून सांगतो, फाशांचा अर्थ लावतो, वाद मिटवितो. धाकट्या रायस्वित्झने नेमलेला तिसरा माणूस दोनशे वर्षांनी त्याच जागी बसलेला असतो. पेशवाईत पंचायतीपुढे वाद जाण्यापूर्वी, होईल तो निवाडा मान्य करू, असा लेख दोन्ही पक्षांकडून घेण्याचा शिरस्ता होता. या मेजावर बसताना कोणी काही लिहून देत नाही, पण करार तोच असतो. मेळाव्यात जाणे म्हणजे अनोळखी माणसाच्या प्रामाणिकपणावर आपल्या फौजेची अब्रू सोपविणे होय, आणि हा व्यवहार बहुतेक वेळा निर्वेध पार पडतो, हेच या छंदाचे खरे वैभव आहे.

तथापि एक न्यायाधीश असा आहे की जो या मेजावर कधी दिसत नाही. खेळ सुरू होण्यापूर्वीच कोणीतरी ठरविलेले असते, की अमुक पलटण कसलेली, तमुक सामान्य, आणि अमुक फौज कच्ची. प्रत्येकीला त्याप्रमाणे अंक दिलेले असतात, आणि पुढचा प्रत्येक फासा त्या अंकांच्या हुकमतीखाली पडतो. या छंदात आवडीने मांडल्या जाणाऱ्या लढायांत आजच्या जालना जिल्ह्यातली असईची लढाई आहे. २३ सप्टेंबर १८०३ रोजी केळणा व जुई या नद्यांच्या दुबेळक्यात आर्थर वेलस्लीने, म्हणजेच पुढच्या ड्यूक ऑफ वेलिंग्टनने, आपल्या लहान फौजेनिशी शिंदे-भोसल्यांच्या सेनेवर हल्ला केला. नदीला उतार नाही असे वाटाड्यांनी सांगितले असताही समोरासमोरच्या काठांवर दोन गावे पाहून त्याने उताराचे अनुमान बांधले आणि ते खरे ठरले. जो नियमकर्ता एतद्देशीय फौज म्हणजे कच्ची असे गृहीत धरून अंक देईल, त्याच्या मेजावर इंग्रज सहज जिंकतील. पण ती असई होणार नाही. असईत शिंद्यांच्या कवायती कंपूने शत्रूचा रोख पाहून भर रणात आपली आघाडी फिरविली, गोलंदाज तोफांना बिलगून मेले, पडल्याचे सोंग करून काहींनी इंग्रजांच्या पाठीवर पुन्हा तोफा डागल्या, आणि चुकून गावाकडे भरकटलेल्या गोऱ्यांच्या ७४ व्या पलटणीची भयंकर कत्तल झाली. जेत्यांची दीड हजारांवर माणसे जाया झाली. आणि आयुष्याच्या उत्तरकाळी आपली सर्वांत उत्तम लढाई कोणती असे विचारले असता वॉटर्लूच्या त्या विजेत्याने असईचे नाव घेतले, असे नमूद आहे.

म्हणून या छंदाकडे पोरखेळ म्हणून पाहणे जितके चुकीचे, तितकेच त्याला इतिहासाची प्रयोगशाळा म्हणणेही धाडसाचे आहे. मेजावर कोण जिंकला यावरून भूतकाळाबद्दल काहीच सिद्ध होत नाही. परंतु अंक लिहिताना जे गृहीत धरले ते लपवून ठेवता येत नाही, कारण खेळणारा माणूस डाव हरल्याबरोबर पहिला जाब त्या अंकांनाच विचारतो. ग्रंथात लेखकाचा पूर्वग्रह शंभर पाने निर्वेध चालू शकतो, खेळात तो दुसऱ्या दानाला उघडा पडतो. असईचे अंक आजवर प्रायः इंग्रजी कागदांच्या आधारे दिले गेले असणे साहजिक आहे, कारण खेळणारे ते कागद वाचणारे होते. उद्या कोणी शिंदेशाहीची मराठी व फार्सी पत्रे समोर ठेवून तेच अंक नव्याने लिहिले, तरी मेजावरचा निकाल कदाचित पूर्वीचाच लागेल. फरक इतकाच पडेल की निवाडा देण्यापूर्वी दोन्ही पक्षांची कैफियत ऐकून घेतलेली असेल, आणि न्याय म्हणून जे काही असते त्याची पहिली अट तरी तेवढीच आहे.